कपडे उतरविले आणि देव केला

वाचकहो, थोर मनुष्याचा देव करावयाचा तर आधीं त्याच्या अंगावरचे कपडे उतरवावे लागतात, हें आपणांस ठाऊक आहे काय? थट्टा नव्हे, अमेरिकेच्या राजधानींत तसें घडलें आहे.

जॉर्ज वॉशिंग्टन यानें इंग्रजांशीं लढून देश सोडविला, आणि 1783 सालीं सेनापतिपद खालीं ठेवून तो आपल्या शेतावर परत गेला. पुढें 1832 सालीं तेथील कायदेमंडळानें होरेशिओ ग्रीनो नांवाच्या शिल्पकारास त्याचा पुतळा करावयास सांगितला. ग्रीनोनें इटलींत बसून तो घडविला, आणि 1841 सालीं राजधानींत आला तो कोण? ग्रीक लोकांच्या देवांचा राजा झ्यूस! सिंहासनावर बसलेला, छाती उघडी, मांडीवर वस्त्र, पायांत वहाणा, उजवा हात आकाशाकडे. डाव्या हातांत तलवार, तिची मूठ पुढें केलेली. म्हणजे सत्ता लोकांस परत दिली. अर्थ चांगला, पण त्या उघड्या छातीपुढें तो दिसतो कोणास? लोक हंसूं लागले कीं, बुवा आपले कपडे मागताहेत, आणि ते तर पेटंट कचेरींत मांडून ठेविले आहेत! दोन वर्षांत देव घुमटाखालून बाहेर अंगणांत, ऊनपावसांत गेले. 1908 सालीं तेथूनही उचलून त्यांस संग्रहालयाच्या स्वाधीन केलें.

आतां दुसरा पुतळा पाहा. हूदों नांवाचा फ्रेंच शिल्पकार 1785 सालीं खुद्द वॉशिंग्टनच्या घरीं गेला आणि त्याच्या चेहऱ्याचा साचा घेऊन आला. प्राचीन पोषाखाची गुलामासारखी नक्कल नको, असा अभिप्राय वॉशिंग्टननें स्वतः 1786 सालीं जेफरसनला कळविला. हूदोंचा पुतळा व्हर्जिनियांत रिचमंड येथें उभा आहे. अंगांत शिपाईबाण्याचा कोट, तलवार बाजूस टांगलेली, हातीं काठी आणि पाठीमागें नांगर! नांगर हीही एका रोमन सेनापतीची आठवण, असें विद्वान् सांगतात. सांगोत, नांगर तो नांगरच.

शेतकरी बंधूंनो, खरी गोम येथेंच आहे. नांगर दिसला कीं मनुष्य विचारतो, हा धरीत कोण होतें? वॉशिंग्टन मेला त्या 1799 सालीं त्याच्या माउंट व्हर्नन मळ्यावर 317 गुलाम होते. त्यांपैकीं स्वतःच्या मालकीच्यांस मोकळें करावें, असें त्यानें मृत्युपत्रांत लिहिलें हेंही खरें. पण हा जमाखर्च माणसाशींच मांडतां येतो. झ्यूसापाशीं नांगर नाहीं आणि नांगऱ्याही नाहीं. त्यास जाब विचारला तर तें पाप! पुरोहितशाहीचें सारें दुकान याच एका युक्तीवर चालतें. शिवछत्रपतींस विष्णूचा अवतार ठरविलें, कीं मावळ्यांचें रक्त आणि कुणब्याचा घाम देवाच्या लीलेखातीं जमा!

कोणी म्हणेल, हल्लींचे चित्रकार काळ्या गायकांस व नटांस ग्रीक देव करून रंगवितात. ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेविलें त्यांनीं सिंहासनावर कां बसूं नये? हा राग खोटा नाहीं. त्याची थट्टा आम्ही करणार नाहीं. परंतु केहिंदे वायली या काळ्या चित्रकारानें 2005 सालीं केलें तें पाहा. नेपोलियनच्या उधळलेल्या घोड्यावर त्यानें काळा तरुण बसविला. खांद्यावर झगा आहे, पण अंगांत आजचे कपडे आणि पायांत रस्त्यावर चालण्याचे बूट! घोडा घेतला, कपडे दिले नाहींत.

जोतीरावांनीं 1873 सालीं ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेंतील गुलामांस मोकळें करणाऱ्या लोकांस, झ्यूसास नव्हे. 1888 सालीं पुण्यांत ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मानार्थ मेजवानी झाली. तींत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषांत गेले आणि रयतेची दैना त्या राजपुत्रास तोंडावर सांगितली. अर्धें भाषण त्या कपड्यांनींच केलें. उद्यां कोणी कलावंत जोतीरावांस उघड्या छातीनें ढगांवर बसवावयास निघाला, तर त्यानें आधीं एवढेंच सांगावें, कीं तो शेतकऱ्याचा वेष तो कोणत्या कचेरींत मांडून ठेवणार आहे?