लिहिलेला शब्द आणि औषध

दूरशिक्षणाने पदवीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला एक वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते : 'पुस्तिका वाचून कुठे तत्त्वज्ञान समजते काय? त्याला समोर गुरू हवा.' संपर्कसत्रांत शिकवताना मी ते अनेकदा ऐकले आहे आणि, कबूल करतो, एकदोनदा स्वतःही बोलून गेलो आहे. हा समज फार जुना आहे. विसाव्या शतकात पाश्चात्त्य सत्तामीमांसेची जी चिकित्सा झाली, तिच्यातील एक महत्त्वाचा वाद याच समजाभोवती घडला. म्हणून झाक देरिदा या फ्रेंच विचारवंताकडे दूरस्थ विद्यार्थ्याने जरा आपलेपणाने पाहावे, असे मला वाटते.

प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस इजिप्तमधील एक कथा सांगतो. थ्यूथ नावाचा देव लेखनकला शोधून काढतो आणि ती थामुस राजापुढे ठेवतो. या विद्येने लोक शहाणे होतील, त्यांची स्मृती वाढेल, असे तो म्हणतो. राजाला ते पटत नाही. लोक बाहेरच्या खुणांवर विसंबतील, आतून आठवणे सोडून देतील आणि त्यांच्या पदरी ज्ञानाचा केवळ आभास पडेल, असे त्याचे उत्तर आहे. पुढे सॉक्रेटिस आपल्या शब्दांत भर घालतो : लिखित शब्द चित्रासारखा असतो, प्रश्न विचारला तर गप्प बसतो, शिवाय तो कोणाच्याही हाती पडतो, लायक कोण आणि नालायक कोण हे त्याला कळत नाही.

या तक्रारीमागे काय आहे? मार्टिन हायडेगरने 1927 च्या 'सत्ता आणि काल' या ग्रंथात दाखवले होते, की पाश्चात्त्य परंपरेने 'असणे' म्हणजे 'समोर उपस्थित असणे' असेच धरून चालले. देरिदा (जन्म 1930, अल्जीरिया) तेथून पुढे जातो. उपस्थितीची सर्वांत मोठी खात्री माणसाला कोठे मिळते? स्वतःच्या आवाजात. बोलताना मी मला ऐकतो. शब्द आणि अर्थ यांच्यामध्ये फट उरलेली नाही असे वाटते. लेखनात मात्र लिहिणारा दूर असतो, कदाचित हयातही नसतो, आणि तरीही मजकूर वाचला जातो. म्हणून परंपरेने वाचेला मानाचे पान दिले आणि लेखनाला पंक्तीबाहेर बसवले.

'प्लेटोचे औषधालय' या 1968 मधील दीर्घ निबंधात देरिदाने 'फीड्रस'मधला एकच शब्द धरला आहे. थ्यूथ लेखनाला 'फार्माकोन' म्हणतो. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ औषध असाही होतो आणि विष असाही. 'फीडो' या संवादात सॉक्रेटिसला प्यावे लागणारे विषही फार्माकोनच आहे. फ्रेंच भाषांतरकारांनी थ्यूथच्या तोंडी 'उपाय' असा अर्थ घातला आणि शब्दातली दुविधा तेथेच मिटवून टाकली. मराठी भाषांतरकारावर अशी सक्ती नाही, असे माझे मत आहे. द्राक्षबागेवर आपण 'औषध' फवारतो, घरात उंदरांचे 'औषध' ठेवतो. आणि गावात 'तो औषध प्याला' असे कोणी सांगितले तर त्याला आजार कोणता होता, असे कोणी विचारत नाही. आपल्या बोलीतल्या या शब्दात तारणारे आणि मारणारे दोन्ही एकत्र नांदतात.

उत्तरपत्रिकांत एक चूक फार आढळते. 'देरिदाने लेखन वाचेपेक्षा श्रेष्ठ ठरवले' असे विद्यार्थी लिहितात. उतरंड नुसती उलटी करून ठेवली तरी ती उतरंडच राहते. लेखनावर ठेवलेले आरोप वाचेलाही लागू पडतात, हे त्याचे म्हणणे आहे. बोललेला शब्द दुसऱ्यांदा, दुसऱ्या तोंडून, दुसऱ्या प्रसंगी ओळखता येतो म्हणूनच तो शब्द ठरतो. बोलणाऱ्यापासून सुटण्याची शक्यता त्याच्यात मुळातच असते. खुद्द सॉक्रेटिसलाही उत्तम वाणीचे वर्णन करताना 'आत्म्यावर लिहिलेली' असेच म्हणावे लागते. ज्याला आरोपी केले, त्याच्याकडूनच उपमा उसनी घेतली! रूसोच्या लेखनात देरिदाला असाच शब्द सापडतो, 'पूरक'. परीक्षेत आपण पुरवणी जोडतो ती मूळ उत्तरपत्रिका अपुरी पडली म्हणून. लेखन ही वाचेची पुरवणी असेल, तर वाचा आधीपासूनच पूर्ण नव्हती.

देरिदाचे सारेच मला पटत नाही. प्लेटोपासून सोस्यूरपर्यंत त्याने ओढलेली रेघ फार सरळ आहे. पुस्तक उलट उत्तर देत नाही ही प्लेटोची अडचण खरीही आहे. रात्री अकरा वाजता एखाद्या परिच्छेदाशी अडून बसलेल्या विद्यार्थ्याला ती कोणी समजावून सांगायला नको. पण यांत्रिक घोकंपट्टी हा लेखनाचाच दोष, हे मात्र मानता येत नाही. आपल्याकडे पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा रीतींनी वेद केवळ मुखाने अचूक राखले गेले, आणि अर्थ न जाणता पठण करणाऱ्याची तुलना 'निरुक्ता'त ओझे वाहणाऱ्या खांबाशी केलेली आहे. शिवाय तो आवाज कोणी ऐकावा, हे जन्मावरून ठरत होते. स्त्रियांना आणि शूद्रांना तेथे जागा नव्हती.

लिखित शब्द कोणाच्याही हाती पडतो, ही प्लेटोची तक्रार येथे वेगळी ऐकू येते. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, त्यांना ज्ञान मिळाले ते बहुतांशी याच 'दोषा'मुळे. तुमच्यापैकी कोणी ही पुस्तिका पाळी संपवून घरी आल्यावर उघडली असेल, कोणी मुले निजल्यावर. ती लिहिणाऱ्याला तुम्ही कोण हे ठाऊक नाही, आणि तुमची पात्रता त्याने तपासलेली नाही.

समासात बरीच जागा सोडली आहे. जेथे हा मजकूर गप्प बसेल तेथे आपला प्रश्न लिहा, आणि पुढच्या संपर्कसत्राला येताना पुस्तिका बरोबर आणा.