घर उभारणाऱ्या हाताची पात्रता

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरू शकत नाही. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसराची भूमी हादरली आणि शासकीय नोंदीनुसार जवळपास आठ हजार जीव गेले. धक्का काही सेकंदांचा होता. प्राण घेतले ते भिंतींनी आणि माळवदांनी. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती, त्यांच्या दोन्ही बाजूंना बांधून ठेवणाऱ्या आरपार जोडदगडाचा अभाव आणि डोक्यावर मातीचा प्रचंड भार, हे त्या संहाराचे कारण तज्ज्ञांनी तेव्हाच सांगितले होते.

त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले, गावे नव्या जागी वसली, गवंड्यांना प्रशिक्षणही मिळाले. २००२ च्या सुधारित मानकाने लातूर परिसराला भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या क्षेत्रात घातले. परंतु निलंग्याशेजारच्या शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यात आज घर बांधावयास निघालेल्या सामान्य माणसाला आपला गुत्तेदार पात्र आहे किंवा नाही, हे कोणी सांगू शकते काय? दुर्दैवाने याचे उत्तर नकारार्थी आहे.

आपल्या व्यवस्थेतील विसंगती पाहा. घरात विजेची तार ओढावयाची तर परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो. नकाशावर सही करणाऱ्या वास्तुविशारदाची नोंदणी १९७२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. सार्वजनिक बांधकाम खाते आपल्या कामांसाठी ठेकेदारांची वर्गवार नोंदणी करते. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने अभियंता व पर्यवेक्षक यांची पात्रता ठरवून दिली. २०१६ चा स्थावर संपदा कायदा पाचशे चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील किंवा आठाहून अधिक सदनिकांच्या विक्रीप्रकल्पांना लागू होतो. या सर्व चाळण्यांतून निसटतो तो एकच घटक : ज्याच्या हाताखाली प्रत्यक्ष भिंत उभी राहते, तो लहान गुत्तेदार. नकाशा कितीही निर्दोष असला, तरी खांबातील रिंगेचे टोक आत वळवले की नाही, काँक्रीटवर पुरेसे दिवस पाणी मारले की नाही, हे तोच ठरवतो. घरकुल योजनेत तर लाभार्थ्यानेच स्वतः घर बांधावे, ठेकेदार नको, अशी अपेक्षा आहे. मग त्याने निवडलेला मिस्त्रीच त्या कुटुंबाचे रक्षण अथवा घात करणारा ठरतो.

परदेशात हा विचार फार पूर्वी झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९२९ मध्येच ठेकेदार-परवान्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. चार वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि आर्थिक हमी यांवाचून तेथे परवाना मिळत नाही. परंतु यासाठी पश्चिमेकडेच पाहिले पाहिजे असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कारागिरांपासून प्रजेच्या रक्षणाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सांगितल्याहून वेगळे काम करणाऱ्याची मजुरी बुडे आणि वर दुप्पट दंड होई. कारागिरांच्या ठेवींना श्रेणीची हमी असे. कारागिराची पत आणि समाजाची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकाच सूत्रात गुंफलेल्या होत्या. ते सूत्र आपण गमावले.

परवान्याचे नाव काढताच एक रास्त शंका उभी राहते. आणखी एक खिडकी, आणखी एक शिक्का आणि टेबलाखालून जाणारे आणखी एक पाकीट! पिढ्यान्‌पिढ्या दगड घडविणारा वडार बांधव, अक्षरओळख नसलेला परंतु ओळंब्यात निष्णात असलेला गवंडी, यांना कागदाअभावी कामावरून उठवणारा परवाना हा अन्यायच ठरेल. म्हणून परीक्षा कागदावर न होता कामावर व्हावी. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मराठीतून अल्पमुदतीचे प्रशिक्षण, प्रत्यक्ष भिंत व पट्टा बांधून दाखविण्याची चाचणी, जुन्या अनुभवाला मान्यता, नाममात्र शुल्क आणि ठरावीक मुदतीत निर्णय, अशी ही नोंदणी असावी. बांधकाम परवानगीच्या कागदावर मालक व अभियंत्याबरोबर गुत्तेदाराचेही नाव यावे. दोष निघाल्यास उत्तरदायित्व निश्चित व्हावे, आणि चांगल्या कामाचे श्रेयही त्याच नावाला मिळावे.

नगरपंचायती व ग्रामपंचायतींनी कायद्याची वाट न पाहता प्रशिक्षित गवंड्यांची यादी लावण्यास प्रारंभ केला, तरी पुष्कळ साधेल. घरमालकांनीही स्वस्त दराच्या मोहापायी लोखंड व सिमेंटमध्ये काटकसर करण्याचा आग्रह सोडला पाहिजे; गुत्तेदार एकटाच दोषी नसतो.

किल्लारीच्या स्मृतिस्तंभापुढे दरवर्षी मस्तक लवते. परंतु पुढील धक्का कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, आणि आज शिरूर अनंतपाळच्या एखाद्या गल्लीत उभी राहणारी भिंत त्या दिवशी कसोटीला लागणार आहे. ती रचणाऱ्या हाताला विद्या, मान आणि जबाबदारी देणे, हीच त्या मृतात्म्यांना खरी श्रद्धांजली होय.