ओरडली नाही, म्हणजे संमती नव्हे

लैंगिक अत्याचार म्हटले की आजही डोळ्यांपुढे अंधारी गल्ली आणि अनोळखी माणूस येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी मात्र वर्षानुवर्षे वेगळेच सांगते. बलात्काराच्या नोंदलेल्या ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. तो विश्वासातला मित्र असेल, तर घडलेल्या प्रकाराला अत्याचार म्हणायलाच मन धजत नाही. ‘त्याचा तसा हेतू नसेल’, ‘आपलंच काहीतरी चुकलं’ अशी स्वतःची समजूत घालण्यात महिने, कधी वर्षेही जातात. कारण सत्य मान्य केले तर मित्र जातोच, शिवाय माणसे पारखण्याचा स्वतःवरचा भरवसाही जातो. दुसऱ्या दिवशी त्याच्याशी नेहमीसारखे बोलणे हा अनेकदा काही घडलेच नाही असे भासवण्याचा प्रयत्न असतो. तो संमतीचा पुरावा नव्हे.

‘मग ओरडलीस का नाहीस?’ हा प्रश्न इतरांच्याही आधी ती स्वतःला विचारते. त्याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. भीतीपोटी शरीर लढते किंवा पळते, हे अर्धेच सत्य. सुटकेची वाट दिसेनाशी झाली की हातपाय थिजतात, तोंडातून शब्द फुटत नाही. ही प्रतिक्रिया इच्छेच्या ताब्यात नसते. ती प्राण्यांमध्येही आढळते. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी असे थिजणे लक्षणीय प्रमाणात अनुभवले होते आणि सहा महिन्यांनंतर त्यांच्यातच आघातोत्तर तणावविकार व तीव्र नैराश्य अधिक दिसले. म्हणजे ‘प्रतिकार केला नाही’ असा ठपका ज्यांच्यावर ठेवला जातो, त्यांचीच जखम अधिक खोल असते.

कायद्याने हे ओळखले आहे. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येत नाही, ही २०१३ च्या दुरुस्तीतील तरतूद भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने पीडितेवर तत्काळ मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. तक्रार नोंदवलेली नाही म्हणून तिला परत पाठवता येत नाही. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर तितकी चांगली. त्यानंतर आलेल्या स्त्रीलाही मानसोपचारांची दारे खुली आहेत. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.

पण रुग्णालय आणि पोलीस ठाणे यांच्याही आधी ती एखाद्या मैत्रिणीशी, बहिणीशी किंवा आईशी बोलते. तिथे उलटतपासणी झाली, तर पुढची दारे ती ठोठावतच नाही. म्हणून ऐकणाऱ्याने पुरावे मागू नयेत, बदनामीची भीती घालू नये आणि तक्रारीची सक्तीही करू नये. निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा. ज्या क्षणी तिची इच्छा डावलली गेली, त्यानंतरचा तो पहिला उपचार आहे.