पलटण जिंकली, तरी आपलं भांडण ‘टाइमपास’वरूनच

पुणेरी पलटण चॅम्पियन झाली. १ मार्चला, शुक्रवारी रात्री हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदाच प्रो कबड्डीचा चषक उचलला. आणि शनिवार सकाळपासून आपल्या नालासोपाऱ्यातल्या ग्रुपांवर काय चाललंय? “जिंकले, पण मजा नाही आली.” “दुसऱ्या हाफला रेडच मारली नाही.” “नुसता टाइमपास.” एकाने तर लिहिलं की असं खेळून जिंकण्यापेक्षा हरलेलं बरं. भावा, पलटण गेल्या वेळी हरलीच होती की. डिसेंबर २०२२, आपल्याच वरळीत, जयपूरकडून ३३-२९. तेव्हा कोणाला मजा आली होती?

असो. टीका करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही. हाफटाइमला पलटण १३-१० ने पुढे होती, मॅच संपली २८-२५ ला. म्हणजे दुसऱ्या हाफचे गुण १५-१५, बरोबरीत. त्यातच पलटणने हरियाणावर लोणही चढवला होता. लोण चढवूनही हाफ बरोबरीत सुटतो, याचा अर्थ उरलेल्या वेळात समोरच्यांनी जास्त गुण घेतले. आघाडी हळूहळू खाली येत होती आणि टीव्हीसमोर आपला जीव वरखाली होत होता. तेव्हा “अजून आत जायला हवं होतं” असं वाटणं साहजिक आहे. मलाही मधल्या पाच-सात मिनिटांत वाटलं.

पण भावनेच्या जागी जरा हिशोब ठेवून बघू.

मॅच ४० मिनिटांची. एक चढाई ३० सेकंदांची. मध्ये गडी आत-बाहेर होण्यात जाणारा वेळ धरला तर दोन्ही बाजू मिळून ७०-८० चढाया होतात. फायनलमध्ये दोन्ही संघांचे मिळून गुण किती? ५३. त्यात पंकज मोहितेची पहिल्या हाफमधली ती एक चढाईच चार गुणांची. लोणाचे वरचे दोन गुण वेगळे. म्हणजे या मॅचमध्ये कमीत कमी वीस-पंचवीस चढाया रिकाम्या गेल्या असणार, दोन्ही बाजूंच्या मिळून. रिकामी चढाई हा खेळातला दोष असता तर हरियाणानेही तो तितकाच केला.

आता शेवटची दोन मिनिटं धरा. तुम्ही तीन गुणांनी पुढे. चार चढाया उरल्यात, दोन तुमच्या, दोन त्यांच्या. तुमचा रेडर निदान रेषा ओलांडून दम घेत परत आला, पुन्हा एकदा तसाच परत आला, तर एक मिनिट तुमच्या खिशात. तिसऱ्या चढाईला गुण आणावाच लागतो, पण तिसरी येण्याआधी शिट्टी वाजलेली असते. समोरच्याला उरल्या फक्त दोन चढाया, त्याही पूर्ण सात जणांच्या बचावासमोर.

उलट बाजू बघा. तोच रेडर लोकांच्या आरडाओरड्यावर आत घुसला आणि कॉर्नरने घोटा धरला. एक गुण गेला, हे सगळ्यांना दिसतं. त्यांचा एक बाहेर बसलेला गडी जिवंत होऊन आत आला, हे अर्ध्यांना दिसतं. आणि आपला एक गडी बचावातून कमी झाला, साखळी तुटली, पुढच्या चढाईला त्यांच्या रेडरला मोकळी जागा मिळाली, हे फार थोड्यांना दिसतं. एक पकड पडली की तीन ठिकाणी नुकसान. तीन गुणांची आघाडी एका मिनिटात कशी जाते ते आपण सगळ्यांनी बघितलेलं आहे, आपल्याच मैदानांवर.

फुटबॉलवाले ८९व्या मिनिटाला कॉर्नरच्या झेंड्यापाशी बॉल घेऊन पाठ करून उभे राहतात. आपल्या वसईकडच्या गावांतली पोरं विचारा, त्यांना ते चांगलं माहीत आहे. तिथे कोणी म्हणत नाही की गोल का मारायला गेला नाही.

आणि स्मरणशक्तीही जरा तपासून घेऊ. २०१५ ला यू मुम्बाने वरळीतच बेंगळुरू बुल्सला ३६-३० ने हरवून कप घेतला, तेव्हा आपण सगळे अनुप कुमारचे भक्त होतो. अनुप काय करायचा? शांतपणे आत जायचा, उभा राहायचा, बचाव कुठे हलतोय ते बघायचा, जमलं तर बोनस उचलायचा, नाही जमलं तर परत. त्याला आपण ‘कॅप्टन कूल’ म्हणालो. तेच पलटणने केलं की टाइमपास? यू मुम्बा यंदा बाद फेरीतही नव्हती, त्याचा राग पुण्यावर निघतोय की काय अशी मला शंका आहे. मुंबई-पुणे हे दुखणं जुनं आहे, नालासोपाऱ्यापर्यंत येऊन पोचलेलं.

आता दुसरी बाजू, कारण ग्रुपवर एका मित्राने प्रदीप नरवालचं नाव घेतलं आणि ते नाव घेतल्यावर गप्प बसता येत नाही. २०१७ चा सीझन. प्रदीपचे एकट्याचे ३६९ रेड पॉइंट. पाटण्याने फायनल मारली ती ५५-३८ ने. तिथे कसला हिशोब आणि कसलं काय, माणूस आत जायचा आणि तीन-चार जणांना घेऊन यायचा. असं खेळूनही कप जिंकता येतो, मान्य. पण प्रदीप रोज जन्माला येत नाही. आणि नुसतं मोठं नाव विकत घेऊनही भागत नाही. याच सीझनला तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांच्या वर मोजले. पवन हा काय दर्जाचा रेडर आहे ते सांगायची गरज नाही. टायटन्स कितवे आले? बारापैकी बारावे. सर्वोत्तम रेडरचं बक्षीस मिळालं दिल्लीच्या आशू मलिकला, आणि दिल्ली एलिमिनेटरमध्ये पाटण्याकडून दोन गुणांनी गारद.

पलटणने मोठा पैसा लावला तो इराणच्या शादलुईवर, २ कोटी ३५ लाख. म्हणजे बचाव करणाऱ्यावर. आणि चढाईला काय ठेवलं? एक नाही, असलम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे असे चार जण. कोच बी. सी. रमेश, ज्यांनी २०१९ ला बंगालला कप जिंकून दिला होता. खरी अक्कल इथे आहे. दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीला कोणाला पाठवायचं, हा कबड्डीतला सगळ्यात मोठा निर्णय. समोरच्यांना माहीत असतं की आता हा आत येणारच, ते दबा धरून बसलेले असतात. तुमच्याकडे एकच रेडर असेल तर तोच दमलेला गडी पुन्हा जातो. चार असतील तर कोच बघतो: डाव्या कॉर्नरला कोण आहे, तो घोटा धरतो की मांडी, मग त्याप्रमाणे माणूस निवडतो. असलमला सीझनचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, पण फायनलमध्ये सगळ्यात जास्त गुण आणले पंकजने, ९. एकाचा दिवस नसेल तर दुसरा उभा. याला म्हणतात आक्रमणाची आखणी. ती टीव्हीवर फार उठून दिसत नाही.

इथपर्यंत पलटणचं झालं. पण मी एवढं लांबलचक लिहायला बसलो ते पलटणसाठी नाही. त्यांना आपल्या वकिलीची गरज नाही, चषक त्यांच्या कपाटात आहे.

मला काळजी आहे ती आपल्या इथल्या पोरांची. आपल्याकडे, पूर्वेला काय आणि पश्चिमेला काय, हिवाळा सुरू झाला की प्रकाशझोतातल्या स्पर्धा सुरू होतात. महापालिकेची निवडणूक २०२० पासून बरीच वर्षं लटकलेली होती, निवडून आलेला एकही माणूस तेव्हा तिथे बसलेला नव्हता, पण भावी नगरसेवकांचे चषक दरवर्षी वाढत गेले. चांगलंच आहे, पोरांना खेळायला मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती स्टेजवरच्या माइकची.

कुठल्याही स्पर्धेला जाऊन बघा. आपला संघ चार गुणांनी पुढे, तीन मिनिटं बाकी. सतरा-अठरा वर्षांचा रेडर आत चाललाय. कोच बाजूने ओरडतोय, “खाली ये, खाली ये.” आणि तेवढ्यात माइकवरून घोषणा: “या चढाईत गुण आणला तर आपले लाडके अमुकभाऊ यांच्याकडून रोख पाचशे रुपये!” पब्लिक शिट्ट्या मारायला लागतं. आता तो पोरगा कोणाचं ऐकेल? त्याच्या घरी पाचशे रुपये म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. तो आत जातो. कधी गुण आणतो, मग खांद्यावर घेऊन नाचवतात. जास्त वेळा पकडला जातो. आणि मॅच हातची गेली की तेच पब्लिक त्याला आईवरून शिव्या देतं. हे मी एकदा नाही, दरवर्षी बघतो.

म्हणजे आपल्याकडे चढाई कशी करायची हे कोच ठरवत नाही, कॅप्टन ठरवत नाही. माइकवाला आणि पाचशेची नोट ठरवते.

बक्षिसांची यादीही तशीच. उत्कृष्ट चढाईपटूला बाईक किंवा मोठा टीव्ही. उत्कृष्ट पकडीला त्याच्या निम्मंही नाही. आणि वर ‘पब्लिक हिरो’ म्हणून एक बक्षीस, जे शंभरातल्या नव्वद वेळा सगळ्यात जास्त उड्या मारणाऱ्या रेडरलाच जातं. कव्हरला उभा राहून चाळीस मिनिटं साखळी सांभाळणारा गडी रिकाम्या हाताने शेवटची लोकल पकडतो. मग प्रत्येक पोराला रेडरच व्हायचं असतं. एका मंडळात दहा रेडर आणि कॉर्नरला उभं राहायला कोणी नाही, अशी अवस्था. शादलुई आपल्याकडे जन्मला असता तर आपण त्याला रेड मारायला लावलं असतं.

यात नुकसान कोणाचं? चार गुणांची मॅच गेली तर जाऊ दे, ती पुढच्या वर्षी जिंकता येईल. गुडघा गेला तर? चार जणांच्या अंगाखाली गुडघा पिरगळला की लिगामेंट तुटतं. त्या ऑपरेशनचा खर्च घरचे करतात, चषकवाले नाही. याच वयात पोलीस, रेल्वे, बँकांच्या संघांच्या निवडी होतात. एक वर्ष घरी बसला की त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. मग तोच पोरगा सकाळी ६ ची विरार-चर्चगेट पकडून कुठेतरी डिलिव्हरीच्या कामाला. मी नावं घेणार नाही, पण आपल्यातल्या बऱ्याच जणांना एक-दोन तरी चेहरे आठवले असतील.

म्हणून ग्रुपवर “टाइमपास” लिहिणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की तुमचं ते वाक्य पलटणच्या बेंचपर्यंत जात नाही. पण ते आपल्या पोरांपर्यंत जातं. तीच पोरं त्या ग्रुपमध्ये आहेत, वाचतायत. पुढच्या स्पर्धेला चार गुणांनी पुढे असताना त्यांच्या डोक्यात कोचचा आवाज नसतो, तुमची कमेंट असते.

कबड्डी बघायला येणाऱ्याला थरार हवा, हे मला कळतं. त्यासाठीच तर तिसऱ्या चढाईचा नियम आहे, दोनदा रिकामा आलास तर तिसऱ्यांदा गुण आण नाहीतर बाद. खेळाने थराराची सोय स्वतःच केलेली आहे. त्याच्यावर पुन्हा आपण पाचशेचा मसाला कशाला घालायचा?

पुढच्या मोसमाच्या तयारीच्या बैठका गणपतीनंतर सुरू होतील. त्यात जे बसतात त्यांच्यासाठी, म्हणजे तुमच्यातलेच बरेचसे, तीन गोष्टी आत्ताच लिहून ठेवतो. एक, चढाई चालू असताना माइकवरून रोख बक्षीस पुकारायचं नाही. द्यायचं तर मॅच संपल्यावर द्या, आणि संघाला द्या. दोन, पकडीचं आणि चढाईचं बक्षीस सारखंच ठेवा, बाईक तर बाईक, सायकल तर सायकल. तीन, ‘पब्लिक हिरो’चे पैसे बाजूला काढून स्पर्धेच्या चारही रात्री मैदानावर एक फिजिओ आणि एक गाडी उभी ठेवा.

यातली पहिली गोष्ट तर फुकट आहे. अमुकभाऊंची परवानगी मी स्वतः काढतो, तुम्ही फक्त माइकवाल्याला समजवा.