शीव दाखवणाऱ्याचं घर नकाशात नाही

मी नकाशा बघून आलोय, दोस्तहो. तुम्हीही बघून या. कवितावाचन पुढच्या रविवारी करू. नकाशा फक्त तीस दिवस भिंतीवर असतो.

शहराचं नाव सांगत नाही. तुमच्या शेजारच्या वाढत्या शहराचं नाव इथं घाला, गोष्ट बदलायची नाही. शहर फुगलं. फुगत फुगत आमच्या गावाच्या शिवेला आलं. मग साहेबलोकांनी पुढच्या वीस वर्षांत कुणी कुठं राहायचं, कुठं पिकवायचं, कुठं घाण टाकायची आणि कुठं जळायचं ते रंगवून भिंतीला लावलं. त्याला म्हणतात प्रारूप विकास आराखडा.

मी तात्याला घेऊन गेलो. तात्या माझा चुलता, सत्तरी ओलांडलेला. त्याला अक्षर येत नाही, पण शीव येते. त्याच्या बापानं मोजणीदाराची साखळी वाहिली. त्याच्याही आधी दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की महाराला पुढं घालायचे. महार चालेल ती शीव. ज्याची सावली चालत नव्हती त्याचा शब्द शिवेवर चालायचा.

तात्यानं नकाशावर बोट ठेवलं. ओढा सापडला. म्हसोबा सापडला. तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगडसुद्धा त्यानं अंदाजानं सांगितला. मग बोट थांबलं.

‘‘आरं, आपला वाडा कुठंय?’’

वाडा नव्हता. साठ-बासष्ट घरं, विहार, हापसा, बालवाडी, सगळं हिरव्या रंगानं सारवून टाकलेलं. हिरवा म्हणजे शेती विभाग. म्हणजे कागदावर तिथं ज्वारी डुलतेय आणि आमची घरं त्या ज्वारीतलं तण. खालच्या अंगाला गायरान. त्यावर एक आरक्षण टाकलेलं : घनकचरा प्रकल्प.

कारकून बरा माणूस होता. म्हणाला, ‘‘बाबा, हरकत असेल तर लेखी द्या. सातबारा जोडा.’’

तात्या म्हणाला, ‘‘सायेब, सातबारा असता तर तुमी आमाला हिरवं केलं असतं व्हय?’’

नगररचनेचा अख्खा अभ्यासक्रम या एका वाक्यात आहे. मी फक्त त्याची फोड करतो.

*

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. हे पुस्तक प्रत्येक शाखेत पाहिजे. कलम २५ म्हणतं, आधी सध्याच्या जमीनवापराचा नकाशा करा. कलम २६ म्हणतं, आराखडा जाहीर करा आणि तीस दिवसांत हरकती-सूचना मागवा. कलम २८ म्हणतं, नियोजन समितीपुढं सुनावणी द्या. कलम ३८ म्हणतं, वीस वर्षांतून एकदा तरी आराखड्याची फेरतपासणी करा. सगळं कसं स्वच्छ. जातीचं नावसुद्धा नाही.

मेख कलम २५ मध्ये आहे. ‘सध्याचा वापर’ म्हणजे आज जे आहे ते. आणि आज जे आहे ते कुणी केलं? गावगाड्यानं केलं. चावडी, देऊळ, पाटलाचा वाडा मधोमध. आम्ही ओढ्यापलीकडं, आमच्याकडचा वारा गावाकडं जाऊ नये अशा बेतानं. मोजणीत गावठाणाची रेघ पडली ती कितीतरी गावांत आमच्या वस्तीच्या अलीकडंच थांबली. पुढं जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ नं गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला दिला. अधिकार दिला, पण आमच्यासाठी तो वापरायला कुणाचा हात उठला नाही. मनूनं आखलेली रेघ मोजणीदारानं पक्की केली आणि नगररचनाकारानं तिच्यात रंग भरला. रंग भरताना त्याला कुणाची जात दिसली नाही. दिसायचं कारणच नव्हतं, ती रेघेत होती.

आता त्या रेघेवर पैसा उगवतो. संहितेत अलीकडं कलम ४२-ड घातलंय. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन घरासाठी वापरायला मोकळीक. मोकळीक कुणाला? ज्याच्या नावावर त्या २०० मीटरांत जमीन आहे त्याला. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत शेती विभागात शेतघराला परवानगी आहे. पण किमान जमीन ०.४ हेक्टर. म्हणजे चाळीस गुंठेवाल्याचा बंगला ते ‘शेतघर’, आणि त्याच्या शेतात राबणाऱ्याची पत्र्याची खोली ते ‘अतिक्रमण’. हिरवा रंग एकच. माणसामाणसाला वेगळा लागतो.

कुणी म्हणेल, आता नगररचना योजना निघाल्यात, पुण्याजवळ माण-म्हाळुंग्यात बघा. जमीन एकत्र करायची, रस्ते-बागा काढायच्या, मालकाला विकसित भूखंड परत द्यायचा. जबरदस्तीच्या भूसंपादनापेक्षा बरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण भूखंड मिळतो तो आधीच्या जमिनीच्या हिशेबानं. जास्त जमिनीला जास्त, कमीला कमी आणि शून्याला शून्य. तीन पिढ्या त्याच जमिनीवर खुरपं चालवलेल्या बाईला त्या योजनेत रकानाच नाही.

*

मग आमच्याकडं कधी जमीन नव्हतीच काय?

होती. हाडकी-हाडवळा म्हणायचे तिला. महार वतन. मेलेली ढोरं ओढा, सरकारी टपाल पळवा, शीव राखा, साहेबाच्या घोड्यापुढं धावा, आणि त्या बदल्यात खडकाळ तुकडा घ्या. बाबासाहेबांनी ओळखलं की ही जमीन नाही, पायातला साखळदंड आहे. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक त्यांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात मांडलं. ते तडीला जाऊ दिलं नाही. १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतनं नाहीशी करणारा कायदा आला, १९५९ पासून लागू झाला. वेठ गेली, चांगलं झालं. पण जमीन परत नावावर करायला कब्जाहक्काची रक्कम मुदतीत भरायची होती. ज्यानं भरली त्याला नव्या शर्तीनं मिळाली. ज्याला भरता आली नाही त्याची सरकारजमा. नोटीस आली तेव्हा ती वाचणारं घरात कोण होतं?

हेच खडकाळ तुकडे आज शहराच्या तोंडात आलेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या चाळीस एकरांचा व्यवहार गाजला. मुळात महार वतनाची जमीन, पुढं सरकारच्या नावावर गेलेली. तीनशे कोटींचं खरेदीखत झालं आणि मुद्रांक भरला पाचशे रुपये, असं वर्तमानपत्रांनी छापलं. चौकशी बसली, अधिकारी निलंबित झाले. सगळ्यांनी एकमेकांना विचारलं की घोटाळा कुणाचा. ज्यांच्या आज्यानं त्या चाळीस एकरांसाठी ढोरं ओढली ते आज कुठल्या झोपडपट्टीत राहतात, हे किती जणांनी विचारलं?

*

आणि गायरान. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात, १९६४-६५ मध्ये, लाखो माणसं तुरुंगात गेली. आपल्या आया पोरं कडेवर घेऊन गेल्या. मागणी साधी होती : पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं कबूल केलं. कितीतरी गावांत तलाठ्यानं पंचनामेच केले नाहीत, आणि कसणाऱ्याचं नाव ‘इतर हक्क’ या रकान्यापर्यंतही पोचलं नाही.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल आला. गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा. गायरानातली झोपडी दिसली की हा निकाल नाचवतात. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनींचा अपवाद न्यायालयानं स्वतः ठेवलाय. तो परिच्छेद कुणी वाचून दाखवत नाही. आपण दाखवला पाहिजे.

आराखड्याला गायरान फार आवडतं. तिथं मोबदला द्यावा लागत नाही. कचरा डेपो, मैलापाणी केंद्र, स्मशान, झोपडपट्टी पुनर्वसन, जे शहराला दारात नको ते गायरानात. पुण्यानं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात वर्षानुवर्षं कचरा टाकला. कचरा आधी गेला. गावं महापालिकेत घेतली २०१७ मध्ये, आणि २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. माणसं कधी आत, कधी बाहेर. ढिगारा जागच्या जागी.

*

या लढाईत दोन सज्जन आपल्याला भेटायला येतात. दोघांनाही ओळखून ठेवा.

पहिला म्हणतो, विकास होतोय, आडवे येऊ नका. त्याच्याशी फार बोलायचं कारण नाही. त्याच्या खिशात नकाशा छापायच्या आधीच आलेला असतो.

दुसरा जास्त गोड. खादी, झोळी, डोळ्यांत पाणी. म्हणतो, गाव वाचवा, हिरवा पट्टा वाचवा, खेड्याचं खेडेपण राखा. त्याला विचारा, तुझ्या त्या खेड्यात माझं घर कुठं होतं? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याच्या त्या लाडक्या चित्राची लक्तरं काढली. १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातपात न बघता कसायला द्यायची योजनाच मांडली. आम्हाला शहराची भीती नाही. शहरात आमच्या बापांना नळाचं पाणी मिळालं, गिरणी मिळाली, आडनाव न विचारणारी गर्दी मिळाली. शहर येऊ द्या. झाडंही राहू द्या, ओढाही राहू द्या, पूर आला तर पहिलं घर आमचंच बुडतं. पण हिरवा पट्टा आमच्या घरावर आणि पिवळा पट्टा पाटलाच्या उसावर, ही कसली निसर्गभक्ती?

*

आता आपल्यावर येतो. राग आला तर येऊ द्या.

आमच्या गावात नकाशा लागला तेव्हा एप्रिल होता. आम्ही जयंतीची वर्गणी गोळा करत होतो. डीजे कुठला, कमान केवढी यावर दोन बैठका झाल्या, तिसरीत हातघाईवर आलो. पुतळ्याच्या चौथऱ्याला किती फूट जागा पाहिजे हे आम्हाला इंचात माहीत होतं. वाड्याची जागा किती, कुणाच्या नावावर, हे एकालाही माहीत नव्हतं. मी पदवीधर. मलाही नव्हतं. तीस दिवसांतले तेवीस असे गेले. त्याच तेवीस दिवसांत सातबारावाले वकील घेऊन, टाइप केलेल्या हरकती घेऊन रांगेत उभे होते. प्रस्थापितांनी आपल्याला फसवलं हे खरं. आपण झोपलो होतो हेही खरं.

हरकतींचा उपयोग होत नाही, असं म्हणू नका. पुणे महानगर प्रदेशाच्या आठशेच्या आसपास गावांचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये निघाला. साठ हजारांहून जास्त हरकती पडल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२५ मध्ये सरकारनं तो आराखडाच रद्द केला. म्हणजे तिथं आता नवा निघणार. नवा निघेल तेव्हा आपण काय करत असू?

मी सांगतो काय करायचं.

हरकतीला सातबारा लागत नाही. कायद्यात शब्द आहे ‘कोणतीही व्यक्ती’. कारकुनानं मागितला तर कलम २८ दाखवा. सहीची पोच घ्या. प्रत्येक घराची वेगळी हरकत द्या, आणि बाईच्या नावाची आधी द्या.

मागा काय? एक, प्रत्येक बौद्धवाडा, मातंगवस्ती, पारधीपाल सध्याच्या वापराच्या नकाशात वस्ती म्हणून दाखवा आणि गावठाणात घ्या. दोन, १९९० पूर्वीची गायरानं आधी नियमित करा, मग त्यांच्यावर रंग लावा. तीन, गायरानात कचरा टाकायचा असेल तर मोठ्या खातेदाराच्या शिवारातही टाका, म्हणजे जागा कशी निवडली ते कळेल. चार, गावठाण वाढेल तिथं भूमिहीनांच्या घरांसाठी जमीन राखा. दादासाहेब गायकवाड सबलीकरण योजनेत चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत द्यायचं कबूल आहे. २०१८ च्या निर्णयात जिरायतीला एकरी पाच लाखांची मर्यादा. शहराच्या शिवेवर पाच लाखांत गुंठा तरी येतो काय? तेव्हा योजनेला जमीन सरकारनंच आराखड्यातून काढून द्यावी.

आणि सगळ्यांत आधी, आपला नकाशा आपण काढा.

उरलेल्या सात दिवसांत आम्ही तेच केलं. जयंतीचं मोठं पोस्टर उलटं करून जमिनीवर अंथरलं. पोरांनी कासरा धरला, तात्या पुढं चालला. हापशापासून विहारापर्यंत किती कासरे, विहारापासून ओढ्यापर्यंत किती. म्हाताऱ्या बायांनी सांगितलं कुठलं घर कुठल्या दुष्काळात उभं राहिलं. एकसष्ट घरं भरली. बासष्टाव्या घरापाशी तात्या थांबला. तिथं घर नव्हतं, जोतं होतं. त्याच्या बापाचं.

‘‘हेबी काढ,’’ तात्या म्हणाला.

काढलं. एकसष्ट हरकती आणि तो नकाशा आम्ही तिसाव्या दिवशी दुपारी दिला. पोच आमच्याकडं आहे. सुनावणीला तात्या जाणार आहे. शीव दाखवायला.

जय भीम.