गळती आणि रंगरंगोटी

आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती : 'अपडेट करू नये'. खाली पेनाने दोन जाड रेघा. चिठ्ठी त्याची नव्हे, संगणक दुरुस्त करायला येणाऱ्या पोराची. मी एकदा तिथे पेनड्राइव्ह लावून दोन पानं छापून घेतली आणि घरी येऊन पाहतो तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. फायली गेल्या नव्हत्या, नुसत्या लपल्या होत्या. पण एवढं कळेपर्यंत ताटातला भात गार झाला. दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेलो. "काका, सगळ्यांच्याच पेनड्राइव्हला होतं हो," तो म्हणाला, "पण मशीन बघा, कसं मस्त चालतंय. अपडेटच बंद करून टाकलंय." तिथल्या तिथे बघितलं : व्हायरस ओळखायच्या यादीची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. अपडेटचा नळ बंद केला की ती यादीही त्याच नळातून यायची थांबते, हे त्या पोराने सांगितलं नव्हतं.

तरी त्या पोराची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती त्याची एकट्याची नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. दुकानाबाहेर पोरांची रांग. आणि पडद्यावर ठिपके गोलगोल फिरताहेत : 27 टक्के पूर्ण, संगणक बंद करू नका. ते 27 वीस मिनिटं 27 च राहतात, मग एकदम 61 होतात, मग यंत्र बंद होऊन सुरू होतं आणि मोजणी पहिल्यापासून. काउंटरच्या आत उभं राहून ज्याने ही वीस मिनिटं काढली आहेत त्याला सायबर सुरक्षेवर व्याख्यान द्यायला जाऊ नये. तो म्हणतो, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? अपडेटने काल होतं ते बिघडतं, बटणं जागा बदलतात, प्रिंटर ओळख विसरतो. अनुभवाचं बोलणं आहे.

पण अनुभव अर्धा आहे. कौलारू घरात राहिलेल्यांना आठवेल, मृगाआधी कौलं परतून घ्यायची असत. त्या दिवशी घरात धूळ पडे, चूल अंगणात मांडावी लागे, म्हातारी माणसं कुरकुरत. म्हणून कौलं परतणं कुणी सोडून दिलं नाही, कारण पाऊस कुणाची सोय बघून येत नाही.

संगणकातला पाऊसही तसाच येतो. 14 मार्च 2017 ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या एका भोकाची दुरुस्ती दिली. 12 मे ला वॉनाक्राय नावाची खंडणीखोर कीड त्याच भोकातून आत शिरली आणि दीडशेहून जास्त देशांत पसरली. मधे 59 दिवस गेले होते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत सुमारे 80 ट्रस्टना (रुग्णालयं वगैरे चालवणाऱ्या संस्थांना) त्याची झळ बसली, ठरलेल्या तपासण्या रद्द झाल्या, रुग्णवाहिका दुसऱ्या दारी वळवाव्या लागल्या. पुष्कळांनी तेव्हा जुन्या विंडोज एक्सपीला दोष दिला. खरं म्हणजे तिथली बहुतेक बाधित यंत्रं विंडोज 7 ची होती. त्यांच्यासाठी दुरुस्ती फुकट होती, तयार होती, फक्त चढवलेली नव्हती. 'चालतंय ना' या वाक्याची किंमत यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार?

इथे हुशार प्रतिपक्षी मला अडवेल, आणि अडवावंच. वॉनाक्रायनंतर 46 दिवसांनी, 27 जून 2017 ला नॉटपेट्या आली. तिने न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एपीएम टर्मिनल्सचं धक्क्यावरचं कामकाज ठप्प केलं. जे काम यंत्र करत होतं ते माणसांना हाताने करायची वेळ आली. ही कीड जगात उतरली ती युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! आत शिरल्यावर ती चोरलेल्या पासवर्डांवरही पसरत होती, म्हणजे दुरुस्ती चढवलेली यंत्रंही शेजाऱ्यामुळे बुडाली. आणि 19 जुलै 2024 विसरणार कोण? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं निळी पडली आणि आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. मग पोराची चिठ्ठी खरी की खोटी?

खोटी. कारण या दोन्ही उदाहरणांतून 'अपडेट नको' हे निघत नाही. निघतं ते एवढंच, की अपडेट देणाऱ्याने दुसऱ्याच्या घरात शिरताना पायताण काढावं. जगातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच क्षणी पाठवायच्या आधी थोड्यांना पाठवून बघावं, ही साधी काळजी 2024 मध्ये घेतली गेली नव्हती. घोटाळ्यानंतर ती टप्प्याटप्प्याची पद्धत त्या कंपनीने आणलीच. भेसळीचं दूध निघालं म्हणून कुणी दूध पाजायचं सोडत नाही, गवळी बदलतो किंवा त्याला धारेवर धरतो.

आता दुसरा पूर्वपक्ष, आणि माझा खरा रोख याच्यावर आहे. संगणकातले जाणकार म्हणतात, वापरणाऱ्याला कळत नाही, त्याला विचारत बसलात तर तो 'नंतर'च दाबणार, म्हणून सक्तीच बरी. 2015 साली विंडोज 10 आली ती हाच बाणा घेऊन. घरगुती आवृत्तीत अपडेट नाकारायची सोयच जवळजवळ नव्हती. ऐकायला हे पटतं. पण सक्ती करणाऱ्याच्या हाताला चव असावी लागते, आणि ती नव्हती. मे 2016 मध्ये 'विंडोज 10 घ्या' म्हणणारी जी खिडकी उघडायची, तिच्या कोपऱ्यातली फुली दाबली तरी ठरलेल्या वेळी नवी विंडोज चढायला तुमची संमती धरली जाई. फुली दाबली की खिडकी बंद होते, हे याच विंडोजने आपल्याला वीस वर्षं शिकवलं होतं! वर्षअखेरीस कंपनीचे विपणनप्रमुख ख्रिस कॅपोसेला यांनी तेव्हा मर्यादा ओलांडली गेल्याचं कबूल केलं. कबुली चांगली, पण अपडेटवरचा लोकांचा विश्वास त्या फुलीबरोबर उडाला तो परत यायला कबुली पुरत नाही. दुकानातल्या पिवळ्या चिठ्ठीवरची एक सही मायक्रोसॉफ्टची आहे, असं मी मानतो.

ऑक्टोबर 2018 चा प्रकार तर याहून बोलका. त्या महिन्याच्या मोठ्या अपडेटने काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच पुसल्या, आणि चार दिवसांत ते अपडेट मागे घ्यावं लागलं. फायली कुणाच्या गेल्या? ज्यांनी आपलं डॉक्युमेंट्स फोल्डर मूळ जागेवरून दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं होतं पण थोड्या फायली जुन्या जागी राहिल्या होत्या, अशांच्या. म्हणजे व्यवस्थित माणसांच्या. आणि याची तक्रार अपडेट सर्वांना जायच्या आधीच चाचणी घेणाऱ्यांनी कंपनीकडे केली होती. पण तिच्यावर मतं कमी पडली होती, म्हणून ती ढिगात राहिली. नंतर तक्रार करताना किती गंभीर आहे ते नोंदवायची सोय दिली गेली. वापरणाऱ्याला कळत नाही म्हणता? त्याला कळलं होतं, त्याने सांगितलं होतं, ऐकणारा मतं मोजत बसला होता.

म्हणून माझं मंडन असं आहे : गळती वेगळी आणि रंगरंगोटी वेगळी. भोक बुजवणारी दुरुस्ती लवकरात लवकर, जवळजवळ न विचारता द्या, आम्ही घेऊ. पण कौलं परतायला आलेल्या गड्याने जाता जाता माझं देवघर माजघरातून ओटीवर नेलं, तर पुढच्या मृगाला मी त्याला अंगणातूनच परत पाठवेन, आणि मग पावसात भिजेन. अपडेट बंद करणारी माणसं मूर्ख नाहीत. देवघर हललेली माणसं आहेत ती. विंडोज 11 ने 2021 मध्ये टास्कबारवरची खिडक्यांची नावं काढून टाकली. मासिकाच्या कचेरीत चार फायली एकदम उघड्या ठेवून काम करणाऱ्याला चार सारखी चिन्हंही नाहीत, एकच चिन्ह! प्रत्येक वेळी त्याच्यावर जाऊन थांबा, छोटी चित्रं बघा, नेमकी चुकीची उघडा. दोन वर्षांनी, 2023 मध्ये, ओरड ऐकून नावं परत आली. नावं काढल्याने कुठलं भोक बुजलं होतं?

दुरुस्ती आणि नवलाई वेगळी करता येत नाही, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, असा तांत्रिक आक्षेप येतो. तो मी मानत नाही. लिनक्सच्या घराण्यातल्या डेबियनची स्थिर आवृत्ती वर्षानुवर्षं हेच करते : सुरक्षेच्या दुरुस्त्या देते, मांडणीला हात लावत नाही. बरं, ते स्वयंसेवकांचं काम म्हणून सोडा. खुद्द मायक्रोसॉफ्टच वैद्यकीय उपकरणं किंवा तसल्या अखंड चालणाऱ्या यंत्रांसाठी विंडोजची एक दीर्घ मुदतीची आवृत्ती देते, तिच्यात दुरुस्त्या येतात आणि नवलाई येत नाही. म्हणजे शांतता तयार आहे, पण ती ठोक गिऱ्हाइकाला विकायची आहे, किरकोळ गिऱ्हाइकाला नाही. गंमत पुढे आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला. त्यानंतर नोंदणी करणाऱ्या घरगुती यंत्रांना आणखी एक वर्ष फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायची सोय केली गेली. जे सुख जिवंतपणी मागितलं, ते विंडोज 10 ला मरणोत्तर मिळालं.

मी नवलाईच्या विरुद्ध नाही, हेही सांगून ठेवतो. जुलै 2010 मध्ये सरकारने ₹ हे चिन्ह स्वीकारलं, आणि त्यानंतर कित्येक महिने मेलमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटायचा. 2011 मध्ये विंडोजच्या एका छोट्या अपडेटने तो चौकोन भरला. मे 2019 च्या अपडेटबरोबर मराठीसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्ड आले. रोमन अक्षरांत 'namaskar' ठोकून 'नमस्कार' मिळवायला वेगळं सॉफ्टवेअर शोधायची गरज उरली नाही. या दोन्हींनी माझं काही हलवलं नाही. भिंतीत नवी खुंटी ठोकली, माझी टोपी होती त्याच खुंटीवर राहिली. नवं असं यावं.

आणि सुधारणा कुरकुरीतूनच येतात, हाही अनुभव आहे. कामाच्या वेळेत यंत्र आपोआप पुन्हा सुरू होऊ नये म्हणून 'ॲक्टिव्ह अवर्स' 2016 मध्ये आले, पुढच्या वर्षी ते दिवसाला 18 तासांपर्यंत लावता येऊ लागले. 2019 मध्ये घरगुती आवृत्तीतही अपडेट सात-सात दिवसांनी 35 दिवसांपर्यंत थांबवायची मुभा मिळाली. 'अपडेट करून बंद करा' म्हटल्यावर यंत्र बंद न होता पुन्हा सुरूच होऊन बसायचं, ही काही यंत्रांवरची जुनी खोड 2025 च्या अखेरीस सुधारली. रात्री दिवा घालवून झोपलेल्या माणसाला सकाळी पंखा गरगरताना सापडे, त्याची ती गोष्ट. एवढीशी दुरुस्ती, पण ज्याला रोज खुपत होतं त्याला विचारा.

तेव्हा दोन कामं करा. मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात, म्हणजे गाठ पडते बुधवारी. (तो बुधवार कधी दुसरा असतो, कधी तिसरा, म्हणून मंगळवारच मोजावा.) त्यानंतरच्या शनिवारी रात्री अपडेट लावा, काही मोठा घोटाळा असला तर बहुधा तोवर कानावर आलेला असतो, आणि चार दिवस म्हणजे 59 दिवस नव्हेत. दुसरं, काही हललं, बिघडलं तर दुरुस्तीच्या पोराला चिठ्ठी लावायला सांगू नका. विंडोजमध्येच असलेल्या फीडबॅक हबमध्ये तक्रार टाका, गंभीर असेल तर गंभीर म्हणून टाका, आणि तीच तक्रार दुसऱ्याने टाकली असेल तर तिला मत द्या. ते मतं मोजतात, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

झेरॉक्सवाल्याशी यावर माझं तीन वेळा वाजलं. चिठ्ठी अजून आहे. तिच्यावर आता लिहिलंय : 'अपडेट शनिवारी, शटर ओढल्यावर'. खालच्या दोन रेघा तशाच आहेत.