उंबरमाळीची रात्र

कसाऱ्याच्या लोकलने शेवटपर्यंत प्रवास करणाऱ्या आमच्या वाचकांना खर्डीनंतर येणारे उंबरमाळी हे लहानसे स्थानक खिडकीतून मागे पडताना दिसले असेल. बाकीच्या मुंबईकरांना या नावाचा परिचय झाला तो २१ जुलै २०२१ च्या रात्री. त्या रात्रीच्या अतिवृष्टीत तेथे पाणी फलाटाला भिडले, रूळ दिसेनासे झाले आणि रेल्वे वाहतूक ठप्प झाली. किती गाड्या अडकल्या याचा तपशील दुसऱ्या दिवशी सर्वांनी छापला. त्या रात्री जवळच्या एखाद्या पाड्यावर कोणाच्या छातीत कळ उठली असती तर त्याने कोठे जावयाचे होते, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. आम्हीही विचारला नव्हता, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

खरे तर त्यासाठी महापूर यावा लागत नाही. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंदच असतात, आणि शेजारच्या मुरबाड तालुक्याला तर आजही रेल्वे नाही. डांबरी सडकेपासून आत असलेल्या पाड्यावरून आजाऱ्याला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, अशा बातम्या या दोन्ही तालुक्यांतून वरचेवर येतात. महामार्गावरून वाहने रात्रभर धावत असतात हे खरे. पण त्यांतील एकही त्या आजाऱ्यासाठी धावत नसते.

रात्री छातीत दुखू लागले की आमच्या घरांतून पहिले निदान होते ते 'गॅस'चे. ओवा चावला जातो, सोडा घेतला जातो, पाठीला तेल चोळले जाते आणि एवढ्या अपरात्री डॉक्टरांना कशाला उठवावयाचे, अशा सौजन्याने सकाळची वाट पाहिली जाते. हे निदान पुष्कळदा बरोबरही ठरते, आणि घातक ते नेमके याच कारणाने. उशिरा जेवून लगेच आडवे झाल्यास जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढते व छातीत आग होते. दिवसभराच्या ओझ्याने बरगड्यांचे स्नायू दुखावतात. न्यूमोनियात किंवा क्षयाने फुप्फुसाच्या आवरणाला सूज आल्यास श्वासागणिक टोचते. निव्वळ भीतीनेही छाती आवळल्यासारखी होते. परंतु अन्ननलिकेची व हृदयाची वेदना मेंदूकडे जवळजवळ एकाच वाटेने पोहोचते, त्यामुळे ती कोठली हे रोग्याला आतून ओळखता येत नाही. छातीवर दडपण, डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत जाणारी कळ, दरदरून घाम, मळमळ, धाप, यांपैकी काही दिसले तर तर्क करीत बसू नये. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांना तर कित्येकदा ठसठशीत वेदनाही होत नाही. नुसता थकवा येतो किंवा दम लागतो. झोपेतून गुदमरून उठावे लागणे व बसल्यावरच बरे वाटणे, हे थकलेल्या हृदयाचे लक्षण असू शकते.

शहापूर-मुरबाडच्या भागात आणखी दोन कारणे लक्षात ठेवावी लागतात; शहरातल्या डॉक्टरला ती चटकन सुचणार नाहीत. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार रात्री चावते आणि चावल्याचे बहुधा कळतही नाही. पहाटे पोट किंवा छाती दुखते, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात. त्यालाही गॅसच समजले जाते आणि श्वास बंद पडू लागेपर्यंत वेळ निघून जातो. दुसरे कारण विंचू. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरते. महाडला वर्षानुवर्षे राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाचा अभ्यास केला, रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच खाली आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठे संशोधन मोठ्या शहरातच होते, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर आठवावे.

हृदयविकाराच्या झटक्यात रोहिणीत गुठळी अडकते व पलीकडचा स्नायू मिनिटामिनिटाने मरू लागतो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन बारा तासांपर्यंत देता येत असले, तरी त्याचा खरा लाभ पहिल्या दोन-तीन तासांत होतो. अँजिओप्लास्टी अधिक चांगली खरी, पण ती दोन तासांच्या आत होणार असेल तर. उंबरमाळीच्या रोग्याच्या बाबतीत हा हिशेब ठाणे-मुंबईच्या रोग्यासारखा मांडता येणार नाही. त्याला आधी जवळच्या जवळ ईसीजी, मग इंजेक्शन आणि त्यानंतर मोठे रुग्णालय, असाच क्रम लागेल. तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्यांशी जोडून, ईसीजी दूरच्या तज्ज्ञाला दाखवून हा क्रम अमलात आणला गेला, आणि वर्षभरातील मृत्यू घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे हे स्वप्नरंजन नव्हे.

आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची विनामूल्य रुग्णवाहिका आहे. कळ उठताच तो क्रमांक फिरवावा, स्वतः मोटारसायकल हाकत निघू नये, आणि रक्तस्रावाचा विकार वा अ‍ॅलर्जी नसेल तर फोनवरच्या डॉक्टरला विचारून अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खावी. पण रुग्णवाहिका जेथे नेणार तेथे रात्री दोन वाजता ईसीजी काढणारा हात हवा आणि इंजेक्शन देण्याचा अधिकार व धैर्य असलेला डॉक्टर हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, शहापूर-मुरबाडची रुग्णालये राज्य शासनाकडे. या विभागणीत ही जबाबदारी एकमेकांकडे ढकलली जाऊ नये, एवढी अपेक्षा आम्ही बाळगतो.

१८९२ पासून तानसाचे पाणी मुंबई पीत आली आहे. पुढे वैतरणा आली, भातसा आली. पाण्याच्या त्या नळांची देखरेख अहोरात्र होते आणि एक तास पुरवठा बंद राहणार असला तरी शहराला तशी आगाऊ सूचना मिळते. रात्रीच्या पाळीला कोणते डॉक्टर आहेत, ईसीजीचे यंत्र चालू आहे की नाही आणि ते इंजेक्शन शिल्लक आहे की नाही, याचाही फलक खर्डी, कसारा, शहापूर व मुरबाड येथील आरोग्य केंद्रांच्या व रुग्णालयांच्या दाराशी रोज संध्याकाळी लागावा, अशी आमची शासनाकडे व जिल्हा परिषदेकडे मागणी आहे. पुढच्या पावसाळ्याच्या आत तो लागला तर बरे.